बर्फातली कोथिंबीर

कोथिंबिरीला आपल्याकडे कुणी भाजी म्हणत नाही. भाजीवाली तर तिला मालात धरीतच नसे. पाव किलो गवार, अर्धा किलो वांगी, दोन गड्ड्या मुळा असा हिशेब पुरा झाला, की पिशवीचे तोंड मिटण्याआधी चार काड्या कोथिंबिरीच्या आणि दोन हिरव्या मिरच्या वरून पडावयाच्या, असा शिरस्ता होता. त्या मागाव्या लागल्या तर गिऱ्हाइकाला कमीपणा, आणि न मागता पडल्या नाहीत तर भाजीवालीची अब्रू गेली! ज्या वस्तूला किंमत नाही तिच्यावाचून मात्र आपले एक पान पुरे होत नाही. पोह्यांवर ती हवी, कढीवर हवी, पिठल्यावर हवी, मिसळीवर तर हवीच हवी. (साबुदाण्याच्या खिचडीवर हवी की नको, म्हणजे उपासाला कोथिंबीर चालते की नाही, यावर घराघरांत मतभेद आहेत, त्यात मी पडत नाही.)

मी मराठी शिकवते, त्यामुळे कुठल्याही गोष्टीचा विचार करताना मला आधी तिचा शब्द आठवतो आणि मग ती वस्तू. कोथिंबीर हा शब्द संस्कृत 'कुस्तुंबुरू'पासून आला. या शब्दाच्या पोटात जो 'स' आहे तो व्याकरणाच्या साध्या नियमाने तिथे येत नाही. म्हणून खुद्द पाणिनीला अष्टाध्यायीच्या सहाव्या अध्यायात त्याच्यासाठी एक वेगळे सूत्र खर्ची घालावे लागले. वनस्पतीची जात सांगावयाची असेल तरच 'कुस्तुंबुरू'. एरवी नुसते 'कुतुंबुरू', आणि त्याचा अर्थ टीकाकारांनी दिला आहे, वाईट तुंबुरू! तुंबुरू हे एक फळ. एका सकाराने सारा फरक. सूत्रकारांनी एकेका अर्ध्या मात्रेची काटकसर केली म्हणतात. त्यांच्या ग्रंथात जिच्यासाठी पूर्ण सूत्र निघाले तिला आपण मिरच्यांबरोबर फुकट मागतो. सावता माळ्याला मात्र तिची योग्यता कळली होती. अरणच्या आपल्या मळ्यात ज्या ज्या भाजीपाल्यात त्याला विठ्ठल दिसला, त्यात त्याने लसूण-मिरचीच्या शेजारी कोथिंबिरीचेही नाव आवर्जून घेतले आहे.

आता ती फुकट मिळत नाही, हे सांगावयास नकोच. आमच्या नाशकात बुधवारी गंगेवर बाजार भरतो. (गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो.) त्या बाजारात कोथिंबिरीच्या भावावरून मी ऋतू ओळखू शकते. पावसाळ्यात झड लागली की वाफ्यात पाणी साचते, मुळ्या कुजतात, पानाला काळा डाग पडतो आणि मग श्रावणात एका मरतुकड्या जुडीला पन्नास-साठ रुपये मोजावे लागतात. तीच जुडी पौषात दोन्ही हातांत मावत नाही आणि पाच रुपयांना मिळते. हा झाला आपला, खाणाऱ्यांचा भाव. पिकवणाऱ्याच्या हाती काय पडते ते मला 2018 च्या डिसेंबरात समजले. निफाडकडचा एक विद्यार्थी माझ्या वर्गात होता. एके दिवशी तो तास संपल्यावर दाराशी घुटमळला आणि म्हणाला, "मॅडम, घरी कोथिंबीर लागते का?" मला वाटले, एखादी जुडी आणली असेल. तो म्हणाला, "गोणी आहे. लिलावात जुडीला रुपयासुद्धा मिळेना. गाडीभाडं निघत नाही. वडील म्हणाले, वाटून टाक, उरलेल्या वावरात उद्या रोटर मारतो." हे तो हसत हसत सांगत होता. पैसे देऊ केले तर घेईना. शेवटी त्याला आवडणारी दोन पुस्तके मी त्याच्या हाती ठेवली. पण पुस्तके आणि कोथिंबीर यांची फिटंफाट कशी व्हावी!

ती गोणी ओट्यावर रिकामी केली तेव्हा ओटा दिसेना. शेजारीपाजारी दिली, कॉलेजात दिली, कामाला येणाऱ्या ताईंना दिली, वड्या केल्या, तरी अठरा जुड्या शिल्लक. एक माणूस रोटर मारतो म्हणाला होता, आणि मी अठरा जुड्या कचऱ्यात घालावयाच्या? मन घेईना. त्या रात्री आमच्या घरात प्रथमच कोथिंबीर फ्रीजरमध्ये गेली.

या उद्योगाला आता पुष्कळ वर्षे झाली. त्यामुळे या बाबतीत चार गोष्टी अधिकाराने सांगण्याइतकी माझी तपश्चर्या नक्कीच आहे. पहिली गोष्ट अशी, की सारे यश निवडण्यात आणि वाळवण्यात आहे. पिवळे पान, चिखलाची मूळ, जून दांडा आधी काढावयाचा. मग पातेलेभर पाण्यात पाला बुडवून वर उचलावयाचा. पाणी ओतून नव्हे, पाला उचलून, म्हणजे रेती तळाशी राहते. असे तीन पाण्यांतून काढल्यावर जुन्या सुती साडीवर पसरून पंख्याखाली ठेवावयाचा. पानावर पाण्याचा एक थेंबही राहता कामा नये. राहिला तर त्याचा बर्फ होतो आणि दुसऱ्या दिवशी पिशवीतून कोथिंबिरीऐवजी हिरवी वीट निघते. वाळली की चिरावी, पिशवीत पातळ थर करून भरावी, तळहाताने दाबून हवा काढावी आणि पिशवी आडवी ठेवावी. थर पातळ असला की थंडी लवकर आत शिरते, आणि लागेल तेवढा तुकडा मोडूनही घेता येतो.

दुसरी गोष्ट, प्रत्येक पाल्याचा स्वभाव निराळा. कढीपत्ता सर्वांत सोशिक. देठावरून पाने ओरबाडून कोरड्या डब्यात भरली की काम झाले. ती तशीच फोडणीत टाकावीत, फक्त अंगाला बर्फाचा कीस लागलेला असेल तर तेल तडतडून हातावर येते, एवढे भान ठेवावे. गवती चहा कात्रीने कापून ठेवावा आणि तसाच आधणात टाकावा. पुदिना मानी आहे. तो कच्चा गोठवला तर रागाने काळा पडतो. त्याला उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवून लगेच गार पाण्यात काढले, तर त्याच्यातले जे रस पानाला काळे करतात ते निकामी होतात आणि हिरवेपणा टिकतो. आले, मिरची, कोथिंबीर यांचे थोड्या तेलातले वाटण बर्फाच्या साच्यात घालून त्याच्या वड्या केल्या, तर सकाळी साडेसहाला डबा करणाऱ्या बाईला त्या कशा वाटतात ते मी सांगत बसत नाही. मात्र त्या वड्या फ्रीजरबाहेर ठेवून द्यावयाच्या नाहीत, काढल्या की सरळ कढईत. तुळस मी कधी गोठवली नाही. ती दारात बारा महिने उभी आहे, तिला कशाला कोंडावयाचे? आणि आइस्क्रीमचा डबा व कढीपत्त्याचा डबा एकमेकांशेजारी ठेवू नयेत. का, ते आमच्या मुलाला विचारावे.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट: गोठलेला पाला बाहेर काढून मऊ होण्याची वाट पाहू नये. तो थेट उकळत्या आमटीत पडला पाहिजे. ताटलीत काढून ठेवाल, तर दहा मिनिटांत तिथे ओल्या फडक्याचा एक चोळामोळा दिसेल. याचे कारण समजून घेतल्यावर मला त्या पाल्याची कीव आली. पान म्हणजे पाण्याने भरलेल्या असंख्य इवल्या कुप्या. त्या ताठ भरलेल्या असतात म्हणून पान ताठ. पाणी गोठताना फुगते, शंभराला नऊ इतके, आणि बर्फाचे टोकदार स्फटिक त्या कुप्यांच्या भिंती फोडतात. बर्फ आहे तोवर पान उभे. बर्फ वितळला की आतला ताठा वाहून गेलेला असतो. थंडी जितकी सावकाश तितके स्फटिक मोठे, आणि स्फटिक मोठे तितकी मोडतोड जास्त. क्लॅरेन्स बर्ड्‌सआय नावाच्या अमेरिकनाला हे लॅब्रॅडोरच्या बर्फात उमगले. तिथले लोक मासा पाण्याबाहेर काढीत आणि त्या वाऱ्यात तो पाहता पाहता दगड होई. महिन्यांनी शिजवला तरी ताज्यासारखा लागे. तेवढ्या निरीक्षणावर त्याने झटपट गोठवण्याची यंत्रे बनवली आणि 1930 साली मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड गावात गोठवलेल्या भाज्या, फळे, मासे दुकानात विकावयास आले. आपल्या घरातल्या फ्रीजरमध्ये लॅब्रॅडोरचा वारा वाहत नाही. तो उणे अठरा अंशांवर राहिला तरी आपण धन्य.

पण गंमत अशी, की ज्या थंडीने पानाचे रूप जाते तिनेच त्याचा वास राहतो. कोथिंबिरीचा वास फार उडता असतो. उन्हात वाळवली तर तो पाण्याबरोबर निघून जातो आणि हाती गवत उरते. मेथी वाळवून साठवता येते, कोथिंबीर नाही, त्याचे कारण हेच. थंडीत तो वास कोंडून बसतो. सहा महिन्यांनीही तुकडा रशात पडला की घरभर होतो.

आपल्या स्वयंपाकघराला टिकवण्याच्या किती तरी क्रिया ठाऊक आहेत! वाळवणे, खारवणे, मुरवणे, आटवणे, भाजणे, पाकवणे. गोठवणे त्यात नाही. तूप थिजते, खोबरेल थिजते, दही विरजते आणि गोठते ते फक्त रक्त, तेही भीतीने. बर्फ हा शब्दसुद्धा फारसीतून आला. 1833 साली अमेरिकेतल्या तळ्यांचा बर्फ गलबतात भरून कलकत्त्याला आणला गेला आणि पुढे मुंबईलाही येऊ लागला, तेव्हा तो साहेबांच्या आणि शेठांच्या पेल्यांसाठी होता, आमटीसाठी नव्हे. 1958 साली गोदरेजने इथे फ्रीज बनवावयास सुरुवात केली. त्याला 'शीतकपाट' असा शब्दही घडवला गेला, पण तो बिचारा कोशातच थिजला. ज्या क्रियेला घरचा शब्द नाही तिच्यावर घरातल्या वडीलधाऱ्यांचा विश्वास बसावयास वेळ लागतो, असा माझा अनुभव आहे.

आमच्या सासूबाईंचा तर मुळीच बसला नाही. त्या दिंडोरीकडच्या मळ्यात वाढलेल्या. कोथिंबीर तोडून आणली आणि अर्ध्या तासात वाटली, अशा घरच्या. मी त्या अठरा जुड्या पिशव्यांत भरताना त्या दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "अगं, ही मेलेली कोथिंबीर झाली." मी थट्टेने पाणिनीची गोष्ट सांगितली. त्यांना ती इतकी आवडली, की त्या दिवसापासून आमच्या घरात ताजी ती कुस्तुंबुरू आणि फ्रीजरमधली ती कुतुंबुरू. दारावर भाजीवाला आला की त्या त्यालाही तसेच सांगू लागल्या.

त्यांच्या नाकासारखे नाक मी पाहिले नाही. आमटीत मीठ कमी आहे हे त्यांना चव न घेता कळे. दूध नासणार हे नासण्याआधी चार तास कळे. हिंगाची डबी उघडली की त्या भेसळ किती ते सांगत. मी कितीही हुशारीने गोठलेली कोथिंबीर रशात विरघळवली, तरी त्या बाहेरच्या खोलीतून म्हणत, "आज कुतुंबुरू का?" त्या म्हणत की तिला वास आहे, पण पहाट नाही. हे वाक्य वर्गात सांगण्याच्या योग्यतेचे आहे, आणि मी ते सांगतेही.

2021 च्या एप्रिलात घरातले सगळे तापाने आडवे झाले. त्या दिवसांची आठवण नाशकात कुणाला करून द्यावी लागत नाही. आम्ही सगळे वाचलो. वास सगळ्यांचाच गेला होता. माझा तीन आठवड्यांनी आला, ह्यांचा दीड महिन्याने, मुलाचा तर आठ दिवसांत. सासूबाईंचा आला नाही. पहिले काही महिने त्यांनी कुणाला बोलून दाखवले नाही. त्या पूर्वीसारख्याच पातेल्यावर वाकत, पूर्वीसारख्याच मान हलवीत. एकदा दूध उतू गेले, तळाशी लागले, घरभर करपल्याचा वास, आणि त्या ओट्यापासून चार हातांवर जपमाळ ओढीत बसलेल्या. त्या दिवशी आम्हांला कळले.

आणि मग एका दुपारी, पानावर बसल्यावर, त्यांनी वाटी हातात घेऊन मला विचारले, "आज ताजी का ती?"

इतक्या वर्षांत त्यांनी हे विचारले नव्हते. त्या सांगत असत. मी कबूल करीत असे. आता मी काहीही सांगितले असते तरी त्यांना ते खरे मानावे लागले असते. मी म्हणाले, "आई, ती आहे." त्यांनी "बरं" म्हटले आणि भात कालवला. बाजूच्या पानावर बसलेल्या ह्यांनी वर पाहिले नाही.

तेव्हापासून फ्रीजरमधल्या त्या पिशव्यांकडे मी निराळ्या नजरेने पाहू लागले. गोठलेल्या कोथिंबिरीचे रूप जाते, वास राहतो. आम्हां बाकीच्यांना तेवढे पुरते; आमच्यासाठी तर वास म्हणजेच कोथिंबीर. पण ज्या माणसाचा वास गेला आहे त्याला या पिशवीतून काय मिळावयाचे? तिच्यापाशी जे उरले तेच त्यांना पोचत नाही. त्यांना आता कोथिंबीर उरली आहे ती डोळ्यांची आणि दातांची: तिचा हिरवेपणा, देठाचा कुरकुरीतपणा, बोटांना लागणारा तो ओला गारवा. आणि नेमके तेच थंडी मोडून टाकते.

म्हणून आता आमच्याकडे दोन कोथिंबिरी लागतात. फोडणीत, रशात, वाटणात फ्रीजरमधली. तिथे ती अगदी चोख काम देते. आणि सासूबाईंच्या वाटीवर मात्र ताजी, जाडसर चिरलेली, कोवळ्या देठांसकट. श्रावणात जुडी साठ रुपयांची असली तरी बुधवारी ती घरात येते. ह्यांनी एकदा हिशेब मांडला, की साठवण करून जे वाचते त्याहून अधिक या एका जुडीत जाते. हिशेब बरोबर होता. त्यावर कुणी काही बोलले नाही आणि पुढच्या बुधवारी ते स्वतःच जुडी घेऊन आले.

पौषातल्या साठवणीचे खाते सासूबाईंनी आपण होऊन आपल्याकडे घेतले आहे. डोळे आणि बोटे शाबूत आहेत. त्यांच्याइतके स्वच्छ निवडणे मला जमत नाही. पिशवीवर चिठ्ठी लावावयाची असते. मी तारीख घालते, त्या तिथी घालतात: 'पौष वद्य तृतीया, 2 जुड्या'. मुलगा म्हणतो, आजीच्या पिशव्या कधीच्या ते समजावयास पंचांग लागते. ज्या विद्यार्थ्याने ती पहिली गोणी आणली होती तो आता टोमॅटो आणि द्राक्षे करतो. कोथिंबीर लावीत नाही म्हणाला. कधी लाखाचे, कधी राखेचे, असला जुगार वडिलांनी पुष्कळ खेळला.

डॉक्टरांनी सासूबाईंना नाकाचा व्यायाम सांगितला आहे. लवंग, लिंबू, गुलाब आणि निलगिरी, असे चार वास सकाळ-संध्याकाळ, एकेक वीस सेकंद मन लावून हुंगावयाचे, आणि हुंगताना त्या वासाची आठवण काढावयाची. महिनोन्‌महिने करावे लागते. कुणाला उपयोग होतो, कुणाला होत नाही, असे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. सासूबाई ते जपासारखे करतात. त्यात त्यांनी पाचवा वास आपल्या मनाने घातला. सकाळी फ्रीजर उघडून पिशवीतली चिमूटभर गोठलेली कोथिंबीर काढतात. गार वस्तूचा वास बाहेर येत नाही, म्हणून ती तळहातांत धरून चोळतात, ऊब लागेपर्यंत, आणि मग ओंजळ नाकाशी नेतात. "काही नाही," म्हणतात, आणि हातातली चिमूट आमटीत टाकून पुढच्या कामाला लागतात. हे रोजचे.

परवा त्यांनी अशीच ओंजळ नाकाशी नेली आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "अगं, ही कोथिंबीर नव्हे."

मी जाऊन पिशवी पाहिली. चिठ्ठी ओलीने सुटून खाली पडली होती. चिमूटभर तोंडात टाकून पाहिली, तर तो पुदिना होता.

त्या दिवशी चटणी पुदिन्याची झाली.